‘डीएनएस आसतलें’ म्हटल्यावर सगळे का हसतात?

प्रश्न असा आला आहे: “मी डिचोलीचा. फर्मागुढीला इंजिनियरिंग करून पणजीला पाटोवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, आठ महिने झाले. काम जमतंय. पण अकरा वाजता सगळे खाली चहाला उतरतात तेव्हा जे बोलणं चालतं ते डोक्यावरून जातं. काहीही बंद पडलं की कुणीतरी ‘डीएनएस आसतलें’, म्हणजे डीएनएसच असणार, असं म्हणतं आणि सगळे हसतात. ‘अनरॅप’, ‘अकरा ओळी’, ‘अर्धा सेकंद’ असं काहीबाही फेकलं जातं. मीही हसतो, कशाला ते न कळता. या बातम्या किती आणि कशा वाचायच्या? त्यांचा कामाशी संबंध असतो की नुसता टाइमपास? आणि एआयने नोकऱ्या जाणार हे रोज निघतं, त्याचं काय समजायचं?”

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नको. माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे. आणि न कळता हसल्याची लाज वाटून घेऊ नको. २००२ साली मी पहिल्या नोकरीत लागले तेव्हा आमचे साहेब कुठलाही नवा फॉर्म बघून ‘हे वायटूके होणार’ म्हणायचे आणि टेबलाभोवतीचे सगळे गालातल्या गालात हसायचे. वर्षाचे चार आकडे ठेवायच्या ऐवजी दोनच ठेवले म्हणून जगभर धावपळ झाली, हे मला कागदावर माहीत होतं. त्यात हसण्यासारखं काय ते कळायला मला स्वतः एक तारीख चुकवावी लागली.

चहाच्या गाड्यावर चालतो तो टाइमपासच. पण त्यातला प्रत्येक शिळा विनोद कुणाच्या तरी मोडलेल्या रात्रीचा आगळ असतो. आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, नुसता तोंडाला लावला तर दात आंबतात. पाणी घातलं की सोलकढी होते. तुझ्या ऑफिसातल्या लोकांनी ते पाणी कधीतरी घातलेलं आहे, म्हणून त्यांना नुसता थेंब पुरतो.

डीएनएसचंच घे. नावावरून पत्ता सांगणारी व्यवस्था, एवढं तू परीक्षेत लिहिलं असशील. आपल्याकडे गावात घराला नंबर असतो, पण तो घरमालकालाही आठवत नाही. तिठ्यावरच्या दुकानदाराला विचारलं की तो सांगतो, ‘कपेलापासून आत, आंब्याखालचं घर’. तो दुकानदार म्हणजे डीएनएस. त्याने चुकीचं सांगितलं तर घर जागेवर, दिवे चालू, भात शिजतोय, आणि पाहुणा पोचत नाही. आपण आधी घर तपासतो, मग रस्ता उकरतो, आणि दोन तास घालवल्यावर दुकानदाराकडे जातो. हे इतक्या वेळा झालंय की आता लोक आधीच नाव घेऊन मोकळे होतात.

२० ऑक्टोबर २०२५. नरकचतुर्दशी. पहाटे नरकासुर जाळून, कारीट फोडून, ताकातले-दुधातले-गुळातले फोव खाऊन आमचं घर दुपारी आडवं झालेलं. सव्वाबाराच्या सुमारास ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या क्लाउडला, म्हणजे भाड्याने दिलेल्या सर्व्हरांना, घरघर लागली. ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, ‘कितें जालें?’ खाली लगेच उत्तर, ‘डीएनएस आसतलें’. नेहमीची थट्टा. या वेळी ती अक्षरशः खरी निघाली.

ॲमेझॉनने नंतर जो अहवाल दिला तो मी दोनदा वाचला, कारण तो खरोखर वाचण्यासारखा आहे. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेस सेवेचे पत्ते सांभाळायला दोन प्रकारचे प्रोग्रॅम आहेत. एक यादी बनवतो: कुठल्या सर्व्हरांकडे किती जणांना पाठवायचं. दुसऱ्या प्रकारचे तिघे वेगवेगळ्या जागी बसून ती यादी लावतात. एक अडला तर दुसरा आहे, म्हणून तीन.

आता नरकासुर स्पर्धेचा निकाल फलकावर चिकटवणारी दोन पोरं डोळ्यांपुढे आण. पहिल्याने यादी उचलली, ‘फलकावरच्या यादीपेक्षा माझी नवी आहे’ हे एकदा बघून घेतलं, आणि निघाला. वाटेत कुठेतरी रेंगाळला. दरम्यान दुसऱ्याने पुष्कळ नंतरची, ताजी यादी लावली आणि जुने कागद साफ करायला घेतले. तेवढ्यात पहिला पोचला आणि मघाशी केलेल्या खात्रीच्या जोरावर आपली जुनी यादी नव्या यादीवर चिकटवली. साफसफाई करणाऱ्याने बघितलं, ‘ही तर फारच जुनी’, आणि फाडली. फलक कोरा. दोघांनीही नेमून दिलेलंच काम केलं. डायनॅमोडीबीच्या व्हर्जिनियातल्या नावापुढे एकही पत्ता उरला नाही, आणि ही अवस्था यंत्रणेला आपली आपण दुरुस्त करता येईना. माणसांना हात घालावा लागला. आपल्या घड्याळात दुपारी तीनला पाच मिनिटं असताना पत्ता परत आला, पण त्याच्या मागे साचलेला गाळ उपसता उपसता इथे मध्यरात्र उलटून गेली.

‘हुश्श, आपण मुंबईच्या डेटा सेंटरात’ असं म्हणणारे आमच्यात होते. म्हणजे मीच. पण हॉटेलच्या पाहुण्यांना ओटीपी पाठवायला आम्ही बाहेरची एक छोटी सेवा घेतली होती, आणि ती व्हर्जिनियातून चालते हे त्या दुपारी कळलं. करार वाचला होता, दर घासून कमी करून घेतला होता. कुठून चालते हे विचारलं नव्हतं.

खरी गंमत त्यानंतरच्या सोमवारी झाली. चहाला हाच अहवाल निघाला. मी मिरचीभजी खात ती निकालाच्या फलकाची गोष्ट सांगत होते आणि आमच्याकडची एक मुलगी, तुझ्याएवढीच असेल, मध्येच म्हणाली, “मॅडम, आपलं बुकिंग असंच आहे ना?”

असंच होतं. कळंगुटच्या एका हॉटेलचं बुकिंग आम्ही सांभाळतो. खोली रिकामी आहे का, हे आमचा कोड विचारायचा. आहे म्हटल्यावर पाहुणा पैसे भरायला जायचा. फोन शोधा, यूपीआयचा पिन आठवा, नेटवर्क जाऊन येऊ दे: चाळीस सेकंद, कधी दोन मिनिटं. परत आल्यावर कोड ती खोली त्याच्या नावावर टाकायचा, पुन्हा न विचारता. मघाच्या खात्रीवर. आधीच्या दोन डिसेंबरांत एकाच खोलीवर दोन कुटुंबं बॅगा घेऊन उभी राहिली होती आणि दोन्ही वेळा आम्ही खापर रिसेप्शनवरच्या मुलीवर फोडलं होतं. तिने चुकून हाताने नोंद केली असणार, असं मीच हॉटेलच्या मालकांना लिहून दिलं होतं. ते पत्र अजून माझ्या सेंट आयटममध्ये आहे.

दुरुस्ती लहान होती. आम्ही वापरतो त्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये एक्स्क्लूजन कन्स्ट्रेंट म्हणून सोय आहे: एकच खोली आणि एकमेकांवर चढणाऱ्या तारखा अशी दुसरी नोंद आली की डेटाबेस स्वतःच ती नाकारतो, मग कोड कितीही रेंगाळून येवो. त्यासाठी बीट्री-गिस्ट हे एक्स्टेन्शन चालू करावं लागतं, आणि तारखांच्या रेंजचं शेवटचं टोक उघडं ठेवावं लागतं, नाहीतर २८ ला खोली सोडणारा आणि २८ लाच येणारा यांचं भांडण लागतं. पैसे भरायला जाण्याआधीच दहा मिनिटांसाठी खोली अडवून ठेवायची, वेळ संपली की सोडायची. सगळं धरून दीड दिवसाचं काम. त्या मुलीने केलं, मी शेजारी बसून चुका काढल्या. आता सांग, चहाला तो विषय निघाला नसता तर तिने तो अहवाल बुकिंगच्या कोडशी कधी जोडला असता?

‘अनरॅप’चा किस्सा त्यानंतर महिन्याभराने, १८ नोव्हेंबर २०२५ ला घडला. साइटना हल्ल्यांपासून वाचवणाऱ्या क्लाउडफ्लेअरच्या आडोशाला जगातल्या पुष्कळ साइट बसलेल्या आहेत, त्या आपल्याकडे संध्याकाळी पाचच्या आसपास धडाधड पडल्या. चॅटजीपीटी, एक्स, सगळं. बॉट, म्हणजे माणसाऐवजी साइटवर येणारे प्रोग्रॅम, ओळखण्यासाठी तिथे एक फाइल बनते. डेटाबेसच्या परवानग्या कुणीतरी सुधारल्या, चांगल्या हेतूने, आणि फाइल बनवणाऱ्या क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला, प्रत्येक ओळ दुहेरी दिसायला लागली, कारण क्वेरीत कुठल्या डेटाबेसमधलं बघायचं ते लिहिलंच नव्हतं. फाइल फुगली. ती वाचणाऱ्या कोडमध्ये २०० नोंदींची मर्यादा होती. एरवी साठेक नोंदी असायच्या, म्हणून कुणाला फिकीर नव्हती. मर्यादा ओलांडली, आणि रस्ट भाषेतल्या त्या ओळीवर ‘अनरॅप’ होतं. म्हणजे ‘आत उत्तर आहेच, काढून दे, नसेल तर जीव दे’. दिला. रस्टवाले एरवी आपली भाषा किती सुरक्षित ते येताजाता ऐकवत असतात, म्हणून बाकीच्यांना त्या आठवड्यात दिवाळी पुन्हा आली. विनोद म्हणून ठीक आहे, पण भाषेने तिचं काम केलं होतं. उत्तर नसेल तर काय करायचं हे माणसाने लिहिलं नव्हतं.

मला त्या प्रकरणात जास्त आवडतो तो दुसराच तपशील. फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने बनायची आणि डेटाबेसची सगळी यंत्रं अजून बदललेली नव्हती. त्यामुळे कधी चांगली फाइल, कधी वाईट. साइट उठतायत, पडतायत, पुन्हा उठतायत. त्यात त्यांचं स्टेटस पेजही निव्वळ योगायोगाने त्याच वेळी बंद पडलं. साहजिकच त्यांना वाटलं, कुणीतरी हल्ला करतंय. दर पावसाळ्यात आपली वीज ये-जा करते तेव्हा आपण फ्रिज बिघडला की लाइन याचा अंदाज करत बसतो, तसं. पूर्ण बंद पडलेली गोष्ट शोधायला सोपी असते, अधूनमधून चालणारी नाही.

‘अर्धा सेकंद’ हा विनोद नाही खरा. त्यावर लोक हसतात ते सुटकेने. २९ मार्च २०२४, गुड फ्रायडे. ऑफिस बंद, वाड्यावर सगळं शांत, उर्राकचे दिवस असूनही कुणी आवाज चढवत नव्हतं. रात्री आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या माणसाची एक ईमेल सगळीकडे फिरायला लागली. तो मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. स्वतःच्या कसल्यातरी मोजमापासाठी यंत्र शांत ठेवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला दिसलं की दूरच्या यंत्रात शिरायचं एसएसएच लॉगिन उगाच सीपीयू खातंय. आधी ०.२९९ सेकंद लागायचे, आता ०.८०७. आपण काय केलं असतं? ‘नेट स्लो असेल’ म्हणून चहाला गेलो असतो. हा खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फाइल दाबून लहान करणाऱ्या एका साध्या लायब्ररीत पोचला. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता.

तो कुठे ठेवला होता ते बघ. चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या दोन फाइलींच्या पोटात, त्यातल्या एकीला तर मुद्दाम ‘खराब’ असंच नाव. खराबच फाइल, तिच्यात कोण डोकावणार? आणि तो बाहेर काढणारी किल्ली गिटमधल्या, म्हणजे सगळ्यांना उघड दिसणाऱ्या, कोडमध्ये नव्हतीच, फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमध्ये, म्हणजे वापरणाऱ्यांसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, होती. एसएसएच मुळात एक्सझेड वापरत नाही. काही लिनक्स वितरणांनी यंत्रावरच्या सेवा चालू करणाऱ्या सिस्टिमडीशी जोडणी करून दिली होती, तिच्या मागोमाग हे आत शिरलं.

यामागचा ‘जिया तान’ हा इसम, किंवा इसमांचा गट, २०२१ पासून हळूहळू मदत करत आला होता. लायब्ररी सांभाळणारा लासे कॉलिन एकटा, बिनपगारी, आणि मनःस्वास्थ्याच्या अडचणीत असल्याचं त्याने उघड लिहिलेलं. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्याच्यावर दबाव आणायला सुरुवात केली: तू फार हळू चालतोस, दुसऱ्याच्या हाती दे. त्याने दिलं. मला ती तांत्रिक चलाखी विसरता येईल, पण त्या जुन्या ईमेली वाचवत नाहीत. देवळाच्या एकट्या पुजाऱ्याला ‘तुला होत नाही, आम्ही आहोत ना’ म्हणत किल्ल्या काढून घ्याव्यात, तसं आहे ते.

नंतरच्या सोमवारी, तारीख १ एप्रिल, आमच्यातल्या एकाला ही एप्रिल फूलची बातमी वाटली होती. आम्ही सगळे सर्व्हर तपासले. एकही सापडला नाही. शहाणपणाने नव्हे; अपग्रेड करायचा कंटाळा केला म्हणून. ती नवी आवृत्ती डेबियन या लिनक्स वितरणाच्या टेस्टिंग शाखेपर्यंतच पोचली होती आणि आम्ही जुन्या, स्थिरावलेल्या स्टेबल शाखेवर बसलेले. तेव्हापासून आमच्याकडे कुणी काम लांबवलं की ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ म्हणतात.

‘अकरा ओळी’ म्हणजे लेफ्टपॅड. मार्च २०१६. शब्दाच्या डाव्या बाजूला रिकाम्या जागा भरणारं अकरा ओळींचं पॅकेज, म्हणजे तयार कोडचा तुकडा, त्याच्या लेखकाचं एनपीएमशी, म्हणजे जावास्क्रिप्टची पॅकेजं जिथे ठेवतात त्यांच्याशी, एका नावावरून वाजलं म्हणून त्याने आपली सगळी पॅकेजं काढून घेतली, आणि जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडमधून प्रोग्रॅम तयार करायची कामं, मोडले. जावास्क्रिप्टवाल्यांना डिवचायला हे अजून वापरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच एनपीएमवर खोट्या ईमेलने एका देखभाल करणाऱ्याचा पासवर्ड पळवून चॉक आणि डीबगसारखी पॅकेजं विषारी केली गेली, ते जास्त गंभीर होतं, पण त्यावर अजून चांगला विनोद कुणाला सुचलेला नाही.

टॅब की स्पेस, व्हिम की ईमॅक्स, कुठली भाषा मेली: हे जुने वाद ऐकून घे, भजी खा, मत देऊ नको.

एक माझा आवडता, जो तुमच्या गाड्यावर बहुधा निघत नसेल. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर आलं की आयफोनमधली ॲप कोसळायची. अक्षर कुठलं, तर आपलं ‘ज्ञा’, तेलुगू लिपीतलं. ॲपलला त्यासाठी ११.२.६ ही आवृत्ती काढावी लागली. आम्ही हसलो, आणि त्याच आठवड्यात आमच्या एका फॉर्मवर ‘ज्ञानेश्वर’ लिहून बघितलं. वाचणाऱ्याला अक्षरं चार दिसतात: ज्ञा, ने, श्व, र. संगणक अक्षरं मोजतो त्या युनिकोडच्या हिशेबात ती दहा, आणि यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली की तीस बाइट. आमचा कोड बाइट मोजून वीसवर कापत होता. पावतीवर ‘ज्ञाने’ आणि पुढे एक चौकोन छापून आला. हॉटेलची मराठी एसएमएस महाग का पडतात याचं उत्तरही तिथेच मिळालं: इंग्रजीला एका मेसेजात १६० अक्षरं मिळतात, देवनागरी आली की ७०. म्हणून आता आमच्या प्रत्येक चाचणीत एक ज्ञानेश्वर आणि एक ‘सुऱ्हास’ असतो. सुऱ्हास नावाचा माणूस मी पाहिलेला नाही, पण त्या ‘ऱ्ह’ने आमचे दोन फॉन्ट उघडे पाडलेत.

आता वाचायचं किती. बातमीच्या दिवशी जवळजवळ काहीच नाही. आपल्या यंत्रांवर ती गोष्ट आहे का, एवढं बघायचं आणि गप्प बसायचं. १९ जुलै २०२४ आठवत असेल, तू कॉलेजात असशील. शुक्रवार, सकाळी पावणेदहाच्या आत सुरक्षा सॉफ्टवेअर बनवणाऱ्या क्राउडस्ट्राइकची एक अपडेट सुटली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बंद पडली. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. अपडेट सव्वा तासात मागे घेतली होती, पण पडलेलं यंत्र नवी अपडेट घ्यायला उठणार कसं? सेफ मोडमध्ये जाऊन एकेका यंत्रावरून ती फाइल उडवावी लागली. त्या दिवशी चहाला आमच्याकडे तीन तज्ज्ञ होते. एक म्हणाला मायक्रोसॉफ्टचीच चूक, दुसरा म्हणाला सायबर हल्ला, तिसरा, म्हणजे पुन्हा मी, कुठेतरी वाचून ठासून सांगत होते की नल पॉइंटर, म्हणजे कोडमधला कुठेच न नेणारा पत्ता. ऑगस्टात कंपनीचा अहवाल आला: नव्या नमुन्यात २१ रकाने ठरवले होते, कोड २० च देत होता, आणि एकविसावा वाचायला गेल्यावर हद्दीबाहेरची मेमरी हाताला लागली. तिघेही चुकलो होतो. तिघांपैकी कुणीही नंतर ते कबूल केलं नाही.

तर असं कर: विषय ऐकू आला की वहीत एक शब्द लिहून ठेव. पंधरवड्याने त्या कंपनीचा अहवाल शोध. मोठ्या कंपन्या हल्ली बऱ्यापैकी प्रामाणिक लिहितात, आणि पहिल्या दिवसाच्या पन्नास बातम्यांपेक्षा तो एक अहवाल वाचायला कमी वेळ लागतो. वाचताना एकच शोधायचं, आपल्याकडे हे कुठे आहे. महिन्याला दोन झाले तरी खूप. आणि चहाला कळलं नाही तर सरळ विचार, ‘हे काय प्रकरण?’ म्हातारे प्रोग्रॅमर किस्सा सांगायला टपलेलेच असतात. चहाचे पैसेही देतील.

एआयचं. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० माणसं कमी करणार म्हणून सांगितलं तेव्हा तुझ्या आईनेही पेपरात वाचून तुला विचारलं असेल. माझ्या आईने मला विचारलं, आणि ती ८१ वर्षांची आहे. मी तिला जे सांगितलं तेच तुला सांगते: मला रोज वापरावं लागतं, आणि कंटाळवाणी कामं झटपट होतात. पण आपलं काम किती लवकर झालं हे आपल्याला कळत नाही. २०२५ मध्ये मेटर नावाच्या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपर घेतले, त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांवर २४६ कामं दिली. आधी त्यांना वाटत होतं एआयने वेळ २४ टक्के वाचेल. झाल्यावर वाटलं २० टक्के वाचला. घड्याळात १९ टक्के जास्त लागला होता. माणसं थोडी आहेत, साधनं तेव्हापासून बदललीत, त्यामुळे ते आकडे सगळीकडे लावत फिरू नको. पण ‘वाटलं’ आणि ‘झालं’ यांच्यातली ती फट मी माझ्या टेबलावर रोज बघते.

मागच्या महिन्यात आमच्या एका मुलाला एआयने पॅकेजचं नाव सुचवलं. छान नाव, शोभणारं. असं पॅकेज अस्तित्वातच नव्हतं. आता लोक अशीच काल्पनिक नावं हेरून त्या नावाने खरोखरची विषारी पॅकेजं टाकून ठेवतात. त्या मुलाने इन्स्टॉल करण्याआधी ते पॅकेज कुणी लिहिलंय हे बघितलं म्हणून वाचलो, आणि त्याने बघितलं ते का? एक्सझेडचा किस्सा भज्यांबरोबर चार वेळा ऐकला होता म्हणून. तुझी नोकरी राहील की जाईल याचं भाकीत मी करणार नाही. डॉटकॉमचा फुगा फुटल्यानंतर लागलेली माणूस आहे मी, तेव्हाही सगळे खात्रीने बोलायचे. आठ महिन्यांच्या नोकरीत कोड लिहून घेण्यापेक्षा वाचायला जास्त शीक, एवढं म्हणेन.

जाता जाता, तुमच्या गाड्यावर लवकरच ‘४७ दिवस’ हा शब्द ऐकू येईल, आला नसेल तर. साइटच्या कुलुपासाठी जे टीएलएस सर्टिफिकेट लागतं त्याची मुदत ३९८ दिवसांपर्यंत असायची. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेटवाले यांनी मिळून ठरवलं: १५ मार्च २०२६ पासून २००, पुढच्या वर्षी त्याच तारखेपासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७. आमच्याकडचा विनोद: घरचा गॅस सिलिंडरसुद्धा याहून टिकतो. त्यात फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याची आठवण करून देणाऱ्या ईमेलीही जून २०२५ पासून बंद केल्या.

मी या विनोदावर फार हसत नाही. २०१९ च्या २४ डिसेंबरला एका ग्राहकाच्या साइटवर पाहुण्यांना लाल इशारा दिसायला लागला. शेजारून बेबिंका आणि नेवऱ्यांचं ताट आलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून पासवर्ड शोधत होते. आठवणीच्या ईमेली वेळेवर गेल्या होत्या, तीनदा. आठ महिन्यांपूर्वी दुबईला गेलेल्या आमच्या एका माणसाच्या पत्त्यावर.

उद्या चहाला उतरण्याआधी ब्राउझरमध्ये तुमच्या कंपनीच्या साइटच्या पत्त्याशेजारी टिचकी मार आणि सर्टिफिकेट कधी संपतं ती तारीख वहीत लिहून घे. मग खाली गेल्यावर विचार, हे नवं कोण करतं आणि बिघडलं तर कळतं कुणाला. दोघं-तिघं एकमेकांकडे बघतील. मग कुणीतरी एका सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेईल.